आधी झोप, मग ध्यान

तालुक्याच्या कॉलेजात सकाळी साडेआठच्या तासाला मुलांना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं, की तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला मागच्या बाकांवरच्या माना खाली येतात. शिकवणाऱ्याला वाटतं, पोरांना गांभीर्य नाही. पण त्यातल्या एकाने रात्री दीडला मोटर सुरू करून हरभऱ्याचं ओलीत केलेलं असतं, कारण त्या आठवड्यात शेतीची लाइन रात्रीची होती. दुसरा रानडुकरांच्या भीतीने जागलीला गेला होता. तिसरी पहाटे पाचला उठली, घरचं पाणी आणि स्वयंपाक उरकून सव्वासहाच्या एसटीत उभी राहून आली. चौथा वसतिगृहात दोनपर्यंत मोबाइल बघत होता. चौघांच्या वाट्याला झोप आली जेमतेम साडेचार-पाच तास. दिवसभरात निवांत बसायला पहिल्यांदा मिळालं आणि शरीराने आपलं येणं वसूल केलं.

म्हणून महाविद्यालयांनी ध्यानाचा उपक्रम घ्यावा का, या प्रश्नाला आमचं उत्तर होकारार्थी असलं तरी त्याला अटी आहेत. घ्यावा, रोज घ्यावा, नीट शिकवून घ्यावा. मात्र झोप, जेवण आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण) यांना हात न लावता घेतलेलं ध्यान वाया जातं. आणि समुपदेशक नेमायचा नाही म्हणून त्याच्या जागी ध्यान ठेवलं, तर तो मुलांवर अन्याय आहे.

विद्यापीठाचा विद्यार्थी म्हटलं की झाडांनी भरलेलं आवार आणि वाचनालय डोळ्यांपुढे येतं. नागपूरचं विद्यापीठ १९२३ चं, अमरावतीचं १९८३ चं, गडचिरोलीचं गोंडवाना २०११ चं. पण या विद्यापीठांची बरीच मुलं त्या आवारात क्वचितच जातात. ती शिकतात तालुक्याच्या संलग्न कॉलेजात, राहतात गावात, आणि त्यांचा दिवस एसटीच्या वेळेवर आणि शेतीच्या हंगामावर चालतो. आरोग्याच्या सवयींबद्दल त्यांना सांगायचं तर या दिवसात काय बसतं ते आधी पाहायला हवं.

झोपेपासून सुरुवात करू. अठरा ते पंचवीस वयाच्या माणसाला रात्री ७ ते ९ तास झोप लागते. दिवसा वाचलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं, त्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेला अभ्यास दुसऱ्या दिवशी हाताशी येत नाही. झोपायची वेळ पाळणं शेतकऱ्याच्या घरात अवघड आहे. उठायची वेळ पाळणं त्या मानाने सोपं. रोज एकाच वेळी उठलं, सुट्टीच्या दिवशीही फार तर तासभर मागेपुढे, तर आठ-दहा दिवसांत रात्रीची झोप आपोआप आपल्या जागी येऊ लागते. ओलिताच्या आठवड्यात दुपारी तीनच्या आत वीस मिनिटांची डुलकी घ्यावी. ती तासभर लांबली तर अंग जड होतं आणि रात्रीची झोपही उडते. चहातलं कॅफिन अर्ध्यावर यायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सातला अभ्यासिकेबाहेर घेतलेला कट बारा वाजताही रक्तात काम करत असतो. शेवटचा चहा चारला. मोबाइल चार्जिंगला लावायची जागा खाटेपासून उठून जावं लागेल इतकी लांब ठेवावी, आणि गजरासाठी दीडशे-दोनशे रुपयांचं साधं घड्याळ घ्यावं.

उन्हाळी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत येतात, तेव्हा चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. शक्य तिथे अंगणात किंवा गच्चीवर मच्छरदाणी लावून झोपावं. खोलीत कूलर असेल तर समोरची खिडकी उघडी ठेवावी. हवा बाहेर जायला वाट नसली की खोलीत दमट उकाडा साठतो आणि झोप अधिकच बिघडते. वसतिगृहांत हे रोज घडतं, कारण कूलर लावला की खिडक्या बंद करायच्या अशीच सवय आहे.

कॉलेजने आपल्या बाजूने एक बदल करावा. ध्यानाची वेळ पहिल्या तासाला ठेवू नये. उशिरा आलेल्या बसची मुलं धापा टाकत येत असतात आणि रात्री जागलेली पेंगत असतात. मधल्या सुट्टीनंतर पोट भरलेलं असतं, तेव्हाही झोप येते. दुसरा तास संपल्यावर, सुट्टीच्या आधीची दहा मिनिटं सगळ्यांत बरी.

ध्यान म्हणजे इथल्या मातीला परकी गोष्ट, असं कुणी म्हणू नये. ज्याला आज ‘माइंडफुलनेस’ किंवा सजगता म्हणतात त्याचं मूळ पालीतल्या ‘सति’ या शब्दात आहे: जे चाललं आहे त्याचं भान. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. आज विदर्भाच्या गावागावांत विहार आहे आणि श्वासावर लक्ष ठेवणारी आनापानसति अनेक घरांत माहीत आहे. तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून सकाळचं सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली. दवाखान्यातला आधुनिक प्रकार त्यानंतरचा. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात तो सुरू केला: आठ आठवडे, आठवड्याला अडीच तासांचं एक सत्र, घरी रोज ४५ मिनिटांचा सराव. तेव्हा बाहेरच्या शहरातून महागडा प्रशिक्षक बोलावण्याआधी आपल्याच गावात रोज बसणारा माणूस शोधावा. कॉलेजच्या वर्गात मात्र कोणत्याही पंथाचा मंत्र, फोटो, घोषणा नको. त्या वर्गात सगळ्या घरची मुलं असतात आणि सरावाला लागणारा श्वास प्रत्येकाजवळ आहेच.

याचा उपयोग होतो का? केंब्रिज विद्यापीठात ६१६ विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीच्या मदतीबरोबर आठ आठवड्यांचा सजगतेचा वर्ग मिळाला. परीक्षेच्या काळात मानसिक त्रासाची ठरावीक रेषा ओलांडणारे इतरांमध्ये ५७ टक्के होते, वर्ग केलेल्यांमध्ये ३७ टक्के. हे वाचून कुणीही उत्साहाने सक्तीचं परिपत्रक काढेल. पण ब्रिटनमधल्याच ८५ शाळांत, आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. तिथे शिक्षकांनी आख्ख्या वर्गांना सजगता शिकवली आणि नेहमीच्या कार्यक्रमापेक्षा फायदा काहीच दिसला नाही. घरी सराव फार थोड्या मुलांनी केला होता. दोन्हीकडची वयं वेगळी आहेत, त्यामुळे सरळ तुलना करता येत नाही. तरी आमच्या मते एवढा बोध घ्यायला हरकत नाही, की आपणहून आलेल्या, वयाने मोठ्या आणि घरी सराव करणाऱ्या मुलांना ध्यान उपयोगी पडतं. हजेरीसाठी बसवलेल्या वर्गाला पडेल याची खात्री नाही. नव्या शैक्षणिक धोरणात योग आणि आरोग्यासाठी श्रेयांक मिळू शकतात, म्हणून ध्यानालाही गुण लावायची ओढ होईल. गुण लावू नयेत. गुण आले की वही आली, आणि वही आली की एकाची पंचवीस जणांनी उतरवलेली ‘अनुभव-नोंद’ आली.

आता प्रत्यक्ष पद्धत. खाली बसायची सक्ती नको, बाक चालतो. दोन्ही पाय जमिनीवर, पाठ सरळ पण ताठरलेली नको, हात मांडीवर. डोळे मिटायलाच हवेत असं नाही. दोन-तीन हात पुढे जमिनीवर नजर ठेवली तरी चालते, आणि झोप कमी झालेल्या मुलाने तसंच करावं. पहिल्या आठवड्यात फक्त तीन मिनिटं, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यापासून दहा. सुरुवातीचा एक मिनिट कानांना द्यावा: पंख्याची घरघर, बाहेरून जाणारा ट्रॅक्टर, कुणाचा खोकला. ते ऐकायचं, त्यावर मत द्यायचं नाही. मग श्वास. तो नाकपुडीशी जाणवतो की पोटाशी, हे प्रत्येकाने एकदा ठरवावं आणि महिनाभर ती जागा बदलू नये. श्वास सोडताना एक, पुढचा सोडताना दोन, असं दहापर्यंत. मोजणी हुकली, किंवा चौदावर पोहोचल्यावर लक्षात आलं, तर पुन्हा एकपासून. शेवटी थोडा वेळ शरीराला: जबडा आवळलाय का, खांदे वर चढलेत का, पोट धरून ठेवलंय का. सापडलं तर सैल सोडायचं. नंतर लगेच उठून पळायचं नाही. हातपाय ताणून मग सुट्टी.

बिघडतं कुठे, हे पद्धतीपेक्षा महत्त्वाचं आहे. पहिली चूक म्हणजे मन रिकामं करायचा प्रयत्न. मन भटकणारच: फी, घरचं भांडण, काल आलेला मेसेज. भटकल्याचं ध्यानात येऊन परत यायचं, हाच व्यायाम आहे. दहा मिनिटांत चाळीस वेळा परत आलेला मुलगा चाळीस दंड मारून उठलेला असतो, त्याला ‘तुला जमत नाही’ असं सांगणाऱ्या शिक्षकाने हा वर्ग घेऊ नये. दुसरी चूक श्वास ओढण्याची. लक्ष दिलं की मुलं तो मुद्दाम खोल आणि जलद करतात; शरीरातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर कमी होतो, चक्कर येते, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. तेव्हा मोजणं सोडून साधा श्वास घ्यावा, दोन मिनिटांत ठीक वाटतं. याला ‘शक्ती जागी झाली’ असं कुणी म्हणू लागलं तर तिथेच थांबवावं.

तिसरी गोष्ट गंभीर आहे. काहींना डोळे मिटले की बरं वाटत नाही, उलट भीती दाटते. घरात मृत्यू झालेला असतो, मारहाण झालेली असते, आणि शांततेत तेच समोर येतं. अशा मुलाला किंवा मुलीला ‘बसून राहा, जाईल’ म्हणू नये. डोळे उघडायला सांगावं, तळपाय जमिनीवर दाबायला सांगावं, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगावं, आणि बाहेर जावंसं वाटलं तर कारण न विचारता जाऊ द्यावं. ज्यांना आवाज ऐकू येतात, भास होतात किंवा मानसिक आजारावर औषधं चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांब वेळ ध्यानाला बसू नये. दहा दिवसांच्या मौन शिबिराला तर नाहीच.

आणि घाई. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०१० मध्ये ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. सवय टिकते ती आधीच्या सवयीला बांधली की. पोलीस भरतीची मुलं पहाटे १६०० मीटरची तयारी करायला रस्त्यावर पळतात, मुली ८०० मीटरची. त्यांना वेगळं आसन कशाला हवं? धावणं संपल्यावर पाच मिनिटं हळू चालताना पावलं आणि श्वास मोजले तरी पुरे. बसस्टँडवर गाडीची वाट पाहणाऱ्या मुलीने पहिली पाच मिनिटं मोबाइल पिशवीत ठेवला तर तिचाही सराव झाला.

खर्ऱ्याबद्दल बोलल्याशिवाय विदर्भात विद्यार्थ्यांच्या आरोग्याबद्दल बोलणं अपुरं आहे. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पण सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यावर घोटून देणारा ठेला कॉलेजपासून लांब नसतो. अभ्यासिकेत दहा-दहा तास बसणारी पोरं तो झोप उडवायला खातात. निकोटिनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत अर्ध्यावर येतं, म्हणून दोन तासांनी पुन्हा बेचैनी, पुन्हा ठेला. यात तंबाखूइतकीच सुपारीही दोषी आहे. तोंडाच्या आतली कातडी कडक होते, तिखट सोसत नाही, आणि हळूहळू तोंड उघडणं कमी होतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील तर दंतवैद्याकडे जायला उशीर करू नये.

इथे सजगतेचा रोकडा उपयोग आहे. तलफ आली की ‘खायचा नाही, खायचा नाही’ म्हणत झगडलं तर ती वाढते. त्याऐवजी उठून बाजूला यावं आणि ती शरीरात कुठे आहे ते पाहावं: जबड्यात ओढ, तोंडाला सुटलेलं पाणी, पायांची चुळबुळ. तिला शून्य ते दहात आकडा द्यावा. पाच मिनिटांनी पुन्हा द्यावा. तलफ चढते, थांबते आणि उतरते. बहुतेक वेळा दहा ते वीस मिनिटांत ती बरीच खाली आलेली असते. हे एकदा स्वतः पाहिलेल्या मुलाचा ‘मला सुटूच शकत नाही’ हा समज ढिला होतो. तोंडात चघळायला बडीशेप, लवंग किंवा फुटाणे ठेवावेत. साधी सुपारी हा पर्याय नव्हे, तोंड आखडण्याचा आजार तिच्यातूनच येतो. पहिले तीन दिवस सर्वांत कठीण, चिडचिड दोन ते चार आठवडे राहते. हे आधीच सांगितलं तर मुलगा तिसऱ्या दिवशी हरत नाही. तंबाखू सोडण्यासाठी १८०० ११ २३५६ हा मोफत राष्ट्रीय क्रमांक आहे. आणि अभ्यासिका चालवणाऱ्यांनी दर दोन तासांनी सगळ्यांना पाच मिनिटं उठवून चालायला लावावं, म्हणजे ठेला हेच एकमेव विश्रांतीचं ठिकाण राहणार नाही.

‘मन लागत नाही’ अशी तक्रार करणाऱ्या मुलीचं हिमोग्लोबिन आधी तपासावं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्तक्षय आहे. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही. चहा आणि गोळी यांत तास-दीड तासाचं अंतर हवं, सोबत लिंबू किंवा संत्रं असलं तर उत्तम. पूर्व विदर्भात आणि मेळघाटात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. ज्याला तो आजार आहे त्याला पाणी कमी पडणं, थंडी आणि अति श्रम यांनी दुखण्याचा झटका येऊ शकतो, म्हणून भरतीच्या तयारीला लागण्याआधी तपासणी करून घ्यावी. पण पाणी प्या, हे सांगणं सोपं आहे. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत कारण कॉलेजचं स्वच्छतागृह वापरण्याजोगं नसतं. तिथे आरोग्याचं व्याख्यान ठेवण्याआधी कडी, पाणी आणि कचऱ्याचा डबा बसवावा. न्याहारीचंही तसंच: उपाशी येऊन अकराला आलुबोंडा आणि चहा, हा बहुतेकांचा नेम. रात्री भिजत घातलेले मूठभर, म्हणजे कोरडे ५० ग्रॅम, चणे सकाळी गुळासोबत खाल्ले तर दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात आणि एसटीत उभं राहायला बळ येतं. डब्यात ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी आणायला लाज वाटते, कारण शेजारी नूडल्स असतात. ती लाज कमी करायचं काम शिक्षकांचं आहे, आणि ते स्वतःचा डब्बा मुलांसोबत उघडून होतं.

एक आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. कापसाला, सोयाबीनला भाव नाही, शिष्यवृत्ती सहा-सहा महिने येत नाही, मेसचं बिल थकलंय, प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत. अशा पोराला श्वास मोजायला सांगणं म्हणजे त्याचं तोंड बंद करणं नाही का? तसं सांगितलं तर आहे. ‘तणाव तुझ्या मनात आहे’ हे वाक्य ज्याच्या घरी कर्ज आहे त्याला बोलणं चूक आहे. त्याचा तणाव सातबाऱ्यावर लिहिलेला आहे. पण शिष्यवृत्तीच्या विलंबाविरुद्ध अर्ज लिहायला, समाजकल्याणच्या कार्यालयात न चिडता चारदा जायला, मोर्चात उभं राहायलाही शुद्धीवर असलेलं मन लागतं. जो वर्ग मुलांना गप्प करतो तो बंद करावा. ज्या वर्गातून मुलगा उठून आपला प्रश्न नीट मांडू लागतो, तो चालू ठेवावा.

म्हणूनच समुपदेशकाचा मुद्दा सोडता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये घालून दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेला किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं आहे. तालुक्याच्या बहुतेक कॉलेजांत शंभरावर मुलं असतात. समुपदेशक येईपर्यंत टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा आहे: १४४१६, चोवीस तास आणि मोफत. हा क्रमांक प्रत्येक वर्गात फळ्याशेजारी रंगाने लिहावा. ध्यानाचा वर्ग घेणाऱ्याने खुणा ओळखायला शिकावं: दोन आठवडे झोप आणि भूक गेलेली, मित्रांपासून तुटलेला, वस्तू वाटून टाकणारा, ‘माझ्यावाचून सगळे सुटतील’ असं बोलणारा. अशा मुलाला थेट विचारावं, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याला एकटं सोडू नये, त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्यावं, आणि घरच्यांना फवारणीचं औषध कुलपात ठेवायला सांगावं. तिथे श्वास मोजायला सांगत बसणं धोक्याचं आहे.

राहिला मुहूर्ताचा प्रश्न. २१ जूनला योगदिनाच्या दिवशी चटया अंथरून सुरुवात करण्यात अर्थ नाही, प्रवेशच झालेले नसतात. परीक्षेच्या महिन्यात सुरू केलं तर सवय लागायला वेळ नसतो. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी लागते, मागोमाग कापसाची वेचणी, आणि निम्मा वर्ग शेतात असतो. ऑगस्टचा पहिला आठवडा धरावा. पोळा आणि तान्हा पोळा मध्ये येईल, गणपतीत चार-सहा दिवस जातील; ते गृहीत धरून सप्टेंबरअखेर आठ आठवडे जवळपास पुरे होतात. वर्ग घेणाऱ्या शिक्षकाने मात्र जूनपासून स्वतः रोज बसायला लागावं, कुणालाही न सांगता, म्हणजे ऑगस्टमध्ये पहिल्या मुलाने ‘सर, मन लागतच नाही’ म्हटलं, की त्याला काय उत्तर द्यायचं हे पुस्तकात शोधावं लागणार नाही.